आधी पाय, मग हात : गोल्फची आयर्न स्टिक कशी मारावी

लांज्यात गोल्फचे मैदान नाही. रत्नागिरीच्या बाजूने मुंबई-गोवा महामार्गावरून येणाऱ्याला आधी घाट, मग काजूची कलमे, जांभ्याचे सडे आणि खाली भाताचे मळे दिसतात. तिथे कुणी गोल्फची स्टिक घेऊन उभा राहिला तर बघायला गाव जमेल. तरीही या महिन्यात आम्ही हा विषय लांज्याच्या नजरेने घेतला आहे, कारण लांजा, राजापूर, संगमेश्वर या पट्ट्यातील आपल्या कितीतरी घरांतील माणसे पोटापाण्यासाठी दुबई, दोहा, कुवेत, मस्कत येथे आहेत, आणि तिथे गोल्फ हा रोजच्या नजरेतला खेळ आहे. कुणी त्या मैदानांच्या आसपास नोकरी करतो, कुणाच्या मुलाच्या शाळेत तो शिकवला जातो. रजेवर येताना एखादी वापरलेली स्टिक सामानातून गावी येते. मग अंगणात दोन-चार फटके मारून होतात, चेंडू धड उडत नाही, स्टिक जमिनीत घुसते, मनगटाला झिणझिण्या येतात. शेवटी घरातील वडीलधारे म्हणतात, “ठेव ती माळ्यावर, हा साहेब लोकांचा खेळ आहे.”

ही समजूत आम्हांला तपासून पाहायची आहे. हा खेळ महाग आहे, यात शंका नाही. पण तो मारण्याचे कसब विकत घ्यावे लागत नाही. ते उभे राहण्याच्या पद्धतीत आहे, आणि ती पद्धत भात कापून झालेल्या मळ्यातही शिकता येते.

कॅडीची मुले

आधी थोडा इतिहास पाहू. इंडियन ओपन ही आपल्या देशातील गोल्फची मानाची स्पर्धा 1964 साली सुरू झाली. पहिलीच स्पर्धा ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली. 1965 मध्ये पी. जी. सेठी या हौशी खेळाडूने ती भारताकडे आणली, पण त्यानंतर पाव शतक ती परदेशी खेळाडूंकडेच जात राहिली. 1991 साली दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर ती एका भारतीय व्यावसायिक खेळाडूने पहिल्यांदा जिंकली. त्याचे नाव अली शेर. हा खेळाडू कॅडी म्हणून, म्हणजे दुसऱ्यांच्या स्टिकची पिशवी खांद्यावर वाहत या खेळात आला होता. 1993 साली त्याने तीच स्पर्धा पुन्हा जिंकली. त्याला अर्जुन पुरस्कारही मिळाला.

शेजारच्या बांगलादेशातील सिद्दिकुर रहमान याची वाटही अशीच आहे. ढाक्याच्या कुर्मिटोला गोल्फ क्लबमध्ये तो लहानपणी चेंडू गोळा करून देत असे. पुढे कॅडी झाला, मग खेळाडू. 2010 मध्ये त्याने ब्रुनेई ओपन जिंकली, 2013 मध्ये दिल्लीत इंडियन ओपन जिंकली, आणि 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तो आपल्या देशाकडून खेळला.

आणि मुंबई तर आपल्या घरचीच. चेंबूर येथे 1927 पासून बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. चेंबूरच्या वस्तीतील कॅडीचे काम करणाऱ्या तरुणांनी बांधकामाची लोखंडी सळई वाकवून स्टिक बनवली आणि प्लास्टिकच्या चेंडूने आपल्याच गल्लीबोळांत गोल्फ खेळायला सुरुवात केली. त्यांची छायाचित्रे जगभर गेली. सळईच्या स्टिकला ना धड वजन, ना धड पाते. अशा स्टिकने नेमका चेंडू मारायचा तर अंग नीट लावावेच लागते, दुसरा इलाज नाही.

या सर्वांनी पाहून पाहून शिकले. दिवसभर दुसऱ्याचा फटका जवळून पाहायचा, तो कुठे चुकला हे ओळखायचे आणि संध्याकाळी स्वतः करून पाहायचे. आपल्या मुलांना ते पाहायला मिळत नाही म्हणून इथे आम्ही ते सांगून ठेवतो. हे सर्व उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्याने उलटे वाचावे.

आयर्न म्हणजे काय

गोल्फमध्ये खेळाडूला एका वेळी जास्तीत जास्त 14 स्टिक नेता येतात. त्यांतील लांब पल्ल्याच्या जाड डोक्याच्या स्टिकना वूड म्हणतात आणि पातळ लोखंडी पात्याच्या स्टिकना आयर्न. आयर्नवर क्रमांक असतो. क्रमांक जसा वाढतो तशी स्टिक आखूड होत जाते आणि पाते अधिक मागे कललेले असते. 5 क्रमांकाची चेंडू लांब नेते, 9 क्रमांकाची उंच उडवून जवळ टाकते. शिकणाऱ्याने 7 क्रमांकाची घ्यावी. तिची लांबी साधारण 37 इंच असते आणि पाते सुमारे 30 ते 34 अंश कललेले असते. पूर्ण संच घेण्याची गरज नाही. एक वापरलेली 7 क्रमांकाची स्टिक वर्षभर पुरते.

पात्याचा हा कल नीट समजून घ्यावा, कारण बहुतेक चुका तो न समजल्यामुळे होतात. चेंडू जमिनीवर असतो आणि तो वर उडवायचा असतो. म्हणून नवा माणूस खालून वर उचलायला जातो, जसे फावड्याने माती उचलावी. तसे करताना अंगाचा भार उजव्या पायावर मागे राहतो आणि स्टिक चेंडूच्या आधीच जमिनीला लागते. जमिनीला लागली नाही, तर वर येता येता तिची खालची कड चेंडूच्या पोटावर बसते आणि चेंडू सरपटत जातो. उचलण्याचे काम कललेले पाते आपोआप करते. खेळाडूने फक्त खाली यायचे असते. मोठे व्यावसायिक खेळाडू 7 क्रमांकाच्या स्टिकने चेंडूला लागतात तेव्हा स्टिक सुमारे 4 अंश खालच्या दिशेने येत असते. आधी चेंडू, मग त्याच्या पुढची माती, हा आयर्नचा नियम.

उभे राहणे

पाय खांद्यांइतके फाकवावेत. 9 क्रमांकासाठी थोडे जवळ, 5 साठी किंचित लांब. भार दोन्ही पायांवर सारखा ठेवावा, टाचांवर नाही आणि चवड्यांवरही नाही. गुडघे किंचित सैल असावेत.

वाकायचे ते खुब्यातून, पाठीला कुबड न आणता. आपल्याला हे नवे नाही. रुकूत पाठ सरळ ठेवून खुब्यातून कसे वाकायचे हे आपल्या घरांत मूल सहा-सात वर्षांचे असल्यापासून शिकते. इबादतीची आणि खेळाची बरोबरी आम्हांला करायची नाही. शरीराला जे वळण आधीच आहे त्याची फक्त आठवण करून देतो. इथे वाकणे त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. तेवढे वाकून हात सोडले की ते खांद्यांच्या बरोबर खाली लोंबतात. तिथेच स्टिक धरावी. मुठीचे टोक आणि मांडी यांच्यात आपल्या हाताचा पंजा मावेल इतके अंतर राहावे. हात पुढे ताणावे लागत असतील तर आपण चेंडूपासून फार लांब उभे आहोत. हात पोटाला चिकटत असतील तर फार जवळ.

मूठ डाव्या हाताने आधी धरावी, तळव्यात न धरता बोटांच्या मुळाशी. वरून पाहिल्यास डाव्या हाताची दोन पेरे दिसावीत. उजवा हात त्याच्या खाली, दोन्ही हात एकमेकांना चिकटून. कोयत्याची मूठ आवळतो तशी ही आवळू नये. आवळली की मनगट लाकूड होते आणि फटक्यातील वेग जातो.

चेंडूची जागा स्टिकनुसार बदलते. 9 क्रमांक आणि त्याहून आखूड स्टिकला चेंडू दोन्ही पायांच्या मध्यावर. 7 क्रमांकाला मध्यापासून एक चेंडू डावीकडे, 5 क्रमांकाला आणखी एक चेंडू डावीकडे. गोल्फचा चेंडू जेमतेम 43 मिलिमीटर जाडीचा असतो, म्हणजे हा फरक दोन बोटांचा आहे. पण एवढ्या फरकाने फटका बनतो किंवा बिघडतो.

आता रोख. इथे जवळजवळ प्रत्येक नवशिका चुकतो. ज्या झाडाकडे चेंडू मारायचा त्या झाडाकडे तो आपले पाय आणि खांदे लावतो. प्रत्यक्षात झाडाकडे पाते लावायचे असते. आपण तर चेंडूपासून हातभर अलीकडे उभे असतो. म्हणून पाय, गुडघे, खुबे आणि खांदे यांची रेघ झाडाच्या डावीकडून, चेंडूच्या रेघेला समांतर जायला हवी. विलवड्याच्या स्टेशनात उभे राहून रुळांकडे पाहावे. एका रुळावर चेंडू आणि झाड, दुसऱ्या रुळावर आपली पावले. दोन्ही रूळ शेजारी चालतात, पण कुठेच मिळत नाहीत. सरावाच्या वेळी दोन बांबूच्या काठ्या अशाच जमिनीवर ठेवाव्यात. सफमध्ये उभे राहणाऱ्याला शेजाऱ्याच्या खांद्याशी खांदा लावून सरळ होण्याची सवय असते. इथे शेजारी नसतो म्हणून काठी ठेवायची.

स्टिकचा मार्ग

कुऱ्हाडीने लाकूड फोडताना हात उभे वर जातात आणि उभे खाली येतात. विळ्याने गवत कापताना हात आडवे फिरतात. आयर्नचा स्विंग या दोहोंच्या मधला आहे. स्टिक एका तिरक्या वर्तुळात फिरते. मागे जाताना ती उजव्या खांद्याच्या बाजूने आत आणि वर जाते, त्याच बाजूने खाली येते, चेंडूला लागते आणि पुढे पुन्हा डावीकडे आत वळते.

बिघाड खाली येताना होतो. जोर लावायच्या घाईत माणूस आधी उजवा खांदा पुढे ढकलतो. त्यामुळे स्टिक वर्तुळाच्या बाहेर जाते आणि बाहेरून आत चेंडूला कापत येते. आपल्या कोकणात टेनिस क्रिकेट गावोगाव खेळले जाते. तिथे आडवा फटका मारायची सवय लागलेल्या मुलांत हा दोष हमखास दिसतो. चेंडू निघतो ठीक, पण हवेत उजवीकडे वळून रानात जातो.

तो का वळतो हेही सांगतो. चेंडू कोणत्या दिशेने निघणार हे बहुतांशी पात्याच्या तोंडावर ठरते. तो हवेत कुठे वळणार हे पात्याचे तोंड आणि स्टिकचा मार्ग यांतील फरकावर ठरते. पाते झाडाकडे आणि मार्ग त्याच्या डावीकडे असेल तर चेंडूला उजवीकडची फिरकी मिळते. दोन्ही एकाच दिशेला असतील तर चेंडू सरळ जातो. म्हणून चेंडू उजवीकडे वळतो असे दिसल्यावर आणखी डावीकडे तोंड करून उभे राहणे हा उपाय नाही. त्याने मार्ग आणखी बाहेरून येतो आणि वळण वाढते. आधी काठ्या ठेवून खांद्यांचा रोख तपासावा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

खाली येण्याची सुरुवात पायांपासून व्हायला हवी. आधी भार डाव्या पायावर येतो, मग खुबे वळतात, मग खांदे, शेवटी हात. चेंडू लागताना अंगाचा बहुतेक भार डाव्या पायावर असावा आणि हात चेंडूच्या किंचित पुढे असावेत. फटका संपल्यावर उजव्या पायाची टाच उचललेली असावी आणि तोल न जाता दोन-तीन क्षण तसेच उभे राहता यावे. तोल गेला, तर जोर गरजेपेक्षा जास्त लावला गेला.

मळ्यातील सराव

जागा निवडताना एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. जांभ्याच्या सड्यावर आयर्न मारू नये. वर चार बोटे गवत आणि खाली कातळ असतो. स्टिक त्यावर आपटली तर मनगट आणि कोपर दुखावतात. भातकापणीनंतरचा मळा उत्तम, मालकाची परवानगी घेऊन. अंगणातच करायचे तर काथ्याचे जाड पायपुसणे घ्यावे.

खरा चेंडू वस्तीजवळ मारू नये. तो जेमतेम 46 ग्रॅमचा असला तरी दगडासारखा कडक असतो, आणि डोक्याला लागला तर जीवावर बेतू शकते. भोके असलेला प्लास्टिकचा चेंडू वापरावा. फिरणाऱ्या स्टिकच्या आसपास लहान मुले येऊ देऊ नयेत, मागेही नाही.

पहिला आठवडा चेंडूशिवाय. जमिनीवर चुन्याची एक सरळ रेघ ओढावी. रेघ दोन्ही पायांच्या मध्ये येईल असे उभे राहून हात कमरेपर्यंत मागे आणि कमरेपर्यंत पुढे, असा अर्धाच स्विंग करावा. मग माती कुठे खरवडली ते पाहावे. ती रेघेवर किंवा रेघेच्या डावीकडे खरवडली असेल तर बरोबर. उजवीकडे खरवडली असेल तर भार मागे राहिला. मास्तर नसला तरी ही रेघ खोटे बोलत नाही.

दुसऱ्या आठवड्यात रेघेवर प्लास्टिकचा चेंडू ठेवावा आणि त्याच्या उजवीकडे वीतभर अंतरावर घडी केलेला टॉवेल. टॉवेलला न लागता चेंडू मारायचा. टॉवेल उडाला की समजावे, आपण उचलायला गेलो.

तिसऱ्या आठवड्यात मार्गाचा सराव. चेंडूच्या पलीकडच्या बाजूला, चार बोटांवर, पुठ्ठ्याचा रिकामा खोका ठेवावा. स्टिक बाहेरून येत असेल तर खोक्याला लागेल. लागली नाही तर मार्ग आतून आहे.

चौथ्या आठवड्यात पूर्ण स्विंग, पण जोर तीन चतुर्थांशच. रोज 20 मिनिटे पुरेत. आधी पाच मिनिटे अंग मोकळे करावे. स्विंगमध्ये कंबर आणि मणके पिळले जातात, म्हणून पाठदुखी असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा नाद करू नये. मोठ्यांची जड स्टिक लहान मुलाच्या हातात देऊ नये. तिला पेलताना मूल मागे कलते आणि तीच सवय अंगात मुरते.

घरच्यांनी काय पाहावे

आता वडीलधाऱ्यांसाठी काही. तिरंदाजी, घोडेस्वारी यांसारख्या कसबाच्या खेळांना आपल्या दीनमध्ये उत्तेजन आहे. नेम, सब्र आणि शरीराची निगा शिकवणारा हा खेळही त्याच जातीचा आहे. मात्र दोन गोष्टींचे भान हवे. गोल्फच्या मैदानांवर फटक्याफटक्यावर पैसे लावण्याची चाल असते. रक्कम कितीही लहान असो, तो जुगारच आहे, आणि हराम आहे. मुलाला हे आधीच स्पष्ट सांगून ठेवावे. दुसरे म्हणजे वेळ. 18 होलचा एक डाव चार तासांहून अधिक चालतो. फजरनंतर लवकर सुरू केला तर जोहरच्या आत आटोपतो. दुपारी उतरणाऱ्याने असर कुठे अदा करायची हे आधी ठरवून जावे.

मुलींनाही हा खेळ बंद नाही. यात धक्काबुक्की नाही, आणि लांब बाह्यांचे सैल कपडे व हिजाब घालूनही तो नीट खेळता येतो. टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक चौथी आली, पदक थोडक्यात हुकले. ताकदीच्या जोरावर मारणारी अशी तिची ख्याती नाही. तिचे बळ अचूकपणात आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये पुण्याचा उदयन माने खेळला.

ज्याला गोडी लागली त्याने पुढे कुठे जावे? लांज्याची किती कुटुंबे पनवेल, तळोजा, मुंब्रा येथे आहेत. खारघरच्या डोंगरपायथ्याशी सिडकोने उभारलेले गोल्फ मैदान तिथून जवळ आहे. सुट्टीत मुलगा मामाकडे गेला तर एक दिवस तिथे जाऊन चौकशी करावी. दुबईत 1988 साली सुरू झालेला एमिरेट्स गोल्फ क्लब हा मध्यपूर्वेतील गवताच्या पहिल्या पूर्ण मैदानाचा क्लब. त्याआधी तिथे लोक वाळूतच खेळत. कृत्रिम गवताचा एक तुकडा बरोबर नेत, त्यावर चेंडू ठेवून मारत, आणि होलभोवतीची जागा तेल घातलेल्या वाळूने दाबून सपाट केलेली असे. वाळूवर ज्यांचे अडले नाही, त्यांच्यापुढे आपला मळा ही काही वाईट जागा नाही.

आम्ही कुणाला खोटी आशा दाखवत नाही. अली शेर हजारांत एक असतो. खेळापायी शाळा सोडणे, कर्ज काढून महागडा संच घेणे, हे आम्ही कधीच सुचवणार नाही. पण मैदानाची निगा राखणे, शिकवणे, कॅडी म्हणून बरोबर जाणे, साहित्याची दुरुस्ती ही कामे आखातात आणि आपल्याकडेही आहेत, आणि ज्याला फटका कळतो त्याला तिथे मान मिळतो. एवढे होईपर्यंत मुलाला निदान इतके तरी कळेल की जोर लावण्याआधी पाय नीट रोवावे लागतात.

म्हणून माळ्यावर टाकलेली ती स्टिक खाली काढावी. मूठ ओल्या फडक्याने पुसावी, पात्यावरचा गंज काढावा. या नोव्हेंबरात मळा मोकळा झाला की चुन्याची रेघ ओढावी, आणि मुलगा मारत असताना अब्बांनी किंवा चाचांनी शेजारी उभे राहून माती कुठे उडते एवढेच पाहावे. फटका कसा मारला यावर बोलू नये, पाय कसे ठेवले यावर बोलावे. अल्लाह आपल्या मुलांच्या हातांना हुनर आणि मनाला सब्र देवो. आमीन.